दामूच्या नाटकातलं प्रेत

दामूचे किस्से म्हणजे घोलवडच्या चिकूंची पेटी. एक पिकला की शेजारचाही पिकतो. पण हल्ली लोक त्यातले गोड तेवढेच वेचतात, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

दामू डहाणूचा. दिवसा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, संध्याकाळी आमच्या हौशी मंडळासाठी एकांकिका लिहायचा. प्रत्येकीत मधोमध तिरडी, भोवती चार नातलग, आणि त्यांचं सगळं ऐकून मध्येच बोलणारं प्रेत! ते काम दामू स्वतःच करायचा. म्हणायचा, "आक्का, जिवंतपणी इतकं खरं कोण बोलू देतं?"

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती दामूची नाटकं वाचायला. एकदा स्पर्धेला आलेले मुंबईचे एक परीक्षक मला म्हणाले, "बाई, तुम्हाला ब्लॅक कॉमेडी कळते?"

म्हटलं, "नवऱ्याला पोचवून आल्यावर दीर म्हणाला, पिठल्यात मीठ कमी आहे. तेव्हाच कळली!"

२०१५ला वाढवणला प्रयोग होता. बंदर येणार म्हणून गाव आधीच पेटलेलं. नाटकातला अधिकारी मेलेल्या मच्छीमाराला सांगतो, "अभिनंदन, तुमचं पुनर्वसन झालं!" कोळणी पोट धरून हसल्या. पुढच्या रांगेतला एक साहेब उखडला, "मेलेल्या माणसाला हसता? लाज नाही वाटत?"

मागून एक म्हातारी कडाडली, "जित्याला तुमी हसता, म्हून मेलेला आमच्या वाट्याला येतो!"

दामू आजारी पडला तेव्हा शेजारच्या बाई धीर द्यायला आल्या. "काही होत नाही तुम्हाला!"

दामू म्हणाला, "असं अभद्र बोलू नका बाई. माझी तालीम चाललीय!"

गेला त्याच आठवड्यात.

वर्षभराने स्मृतिसंध्या ठरली. पत्रिकेवर छापलं, 'निखळ, निर्मळ विनोदाचे लेखक'! निर्मळ? दामू? आणि कार्यक्रमात त्याची एकांकिका ठेवून तिच्यातलंच प्रेत कापलं! समितीचे अध्यक्ष तलासरीचे निवृत्त हेडमास्तर. मी त्यांना गाठलं.

"आजी, पाहुणे सहकुटुंब येणार. प्रेत बरं दिसत नाही."

"मग ते चौघं रडतात कोणासाठी?"

"प्रतीकात्मक रडतील."

माझं डोकंच फिरलं. माणूस मेला तो मेला, आता त्याचं लिहिणंही जाळायचं?

त्या संध्याकाळी पडदा उघडण्याआधी दामूचा फोटो खुर्चीसकट विंगेत नेला. जुनी तिरडी मधोमध ठेवली आणि सत्तर वर्षांची मी तिच्यावर आडवी झाले. चौघं नट दामूच्याच तालमीतले, भोवती येऊन उभे राहिले.

पडदा उघडला.  निवेदिकेने हातातल्या कागदावर होतं तेच वाचलं, "प्रमुख पाहुण्यांनी पुष्पहार अर्पण करावा!"

पाहुणे हार घेऊन वर आले. फोटो शोधला. मग वाकून हार माझ्याच गळ्यात घातला.

मी डोळे उघडले. "हार घातलात. आता खांदा द्या!"

 

पाहुण्यांनी बूट काढले.