ब्रिस्टलच्या धक्क्यावर पूर्ण नाव

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या घरातून निघताना लेकीनं मला दारातच थांबवलं. "आई, एक सांगते, चिडू नको. आडनावाचा विषय निघाला तर तू काही बोलू नको हं."

चिडू नको म्हणे! नागपूरहून एवढी लांब आले ती काय तोंडाला कुलूप लावायला? पण प्रज्ञाचा चेहरा बघितला आणि 'बरं' म्हणून चपला घातल्या. आमच्याबरोबर ब्रिस्टलला मंदार आणि ईशा येणार होते, पुण्याचं जोडपं. या गावात तिची जिवाभावाची माणसं म्हणजे हीच दोघं. ती तापानं फणफणली होती तेव्हा ईशानं रोज डबा पोचवला होता. त्यांना ती नुसती 'प्रज्ञा' म्हणून ठाऊक. पुण्यात पहिल्या नोकरीत असताना, आडनाव कळल्यावर खोलीतल्या मैत्रिणींनी तिचं ताट वेगळं केलं होतं. ते ती विसरलेली नाही. मीही नाही.

रेडिंगला गाडी बदलली. बाहेर कुरणं, मेंढ्या, पोळ्याच्या सुमारास आपल्याकडे असतं तसं हिरवं, फक्त चिखल नाही. मंदारनं विचारलं, "काकू, नागपुरात कुठं राहता? आणि आडनाव काय तुमचं?"

सहज विचारलं पोरानं. दोन मराठी माणसं परदेशात भेटली की दुसरा प्रश्न हाच. प्रज्ञा लगेच उठली, "आईला चहा हवा असेल, मी बघते." मी चिवड्याचा डबा उघडून मंदारपुढे धरला. खाण्यात गुंतला, विषय टळला.

ब्रिस्टल हे जुनं बंदर. टेकडीवर निळी, गुलाबी, पिवळी घरं, खाली संथ पाणी, आणि पूर्वीच्या वखारींमध्ये आता कॅफे. मी बाकावर बसून पोळीची गुंडाळी तोंडाशी नेली, तर एका दांडगट समुद्रपक्ष्यानं झडप घालून ती पळवली. "अरे मेल्या!" मी ओरडले. तिघंही पोट धरून हसले. मग ईशानं पॅटी आणली (जमैकाच्या लोकांचा पदार्थ, करंजीसारखा, आत तिखट सारण). बाप्पा, काय तिखट! सावजी खाणाऱ्या माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी ज्यांच्याबरोबर आम्ही बंदर फिरणार होतो त्या मिस पर्ल आल्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, काळ्या वर्णाच्या, डोक्याला जांभळा रुमाल, चालणं असं की मागं धावावं लागावं. इंग्रजी मला समजतं, बोलताना तेवढी अडखळते. त्या मात्र शाळेत शिकवल्यासारखं सावकाश बोलायच्या.

पाण्याच्या कडेनं चालत त्या आपल्या पूर्वजाची हकिगत सांगू लागल्या. त्याचं नाव जोनास. गुलामांच्या व्यापाराच्या काळात याच गावात एका खानावळीत आचारी होता. कुणाचा गुलाम नव्हता. पगार घ्यायचा, भाड्याच्या खोलीत राहायचा, रविवारी चर्चमध्ये गायचा. एकदा दोन खलाशी आले. म्हणाले, जहाजावर कप्तानाची मेजवानी आहे, एक दिवस येऊन रांधून दे. तो गेला. जहाजाच्या तळाशी सामान काढायला उतरला आणि वरून झाकण बंद झालं. जमैकात उसाच्या मळ्यावर त्याला विकलं.

"मळ्याच्या मालकानं पहिलं काम काय केलं असेल?" मिस पर्लनी विचारलं. "त्याचं नाव बदललं. कारण त्या नावाचा माणूस स्वतंत्र होता."

पण जोनास वस्ताद. रोज पोरांना जेवायला बसवलं की आधी खरं नाव म्हणायला लावायचा, पूर्ण, बापाच्या नावासकट. मग घास. त्या पोरांनी आपल्या पोरांना तेच शिकवलं. पिढ्या गेल्या. मिस पर्लचे वडील बस चालवायला म्हणून जमैकाहून इंग्लंडला आले, तेव्हा राहायला त्यांनी हेच गाव निवडलं. "लोक म्हणाले, वेडा आहेस का? वडील म्हणाले, आम्ही इथलेच. मध्ये चोरीला गेलो होतो."

हे सांगताना त्या बाईची मान अशी ताठ होती म्हणून सांगू! मला आपलं काहीबाही आठवायला लागलं, पण मनाला दटावलं. माणूस पळवून विकणं ही गोष्टच वेगळी. आपल्या दुःखाचं माप त्याला लावू नये. तरी छाती भरून आली, ती काही कुणाला विचारून येत नाही.

धक्क्याच्या टोकाशी त्या थांबल्या. "माझ्याबरोबर जो येतो त्यानं इथं उभं राहून पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. आमच्या घरची रीत आहे."

मंदारनं सांगितलं, ईशानं सांगितलं. आता प्रज्ञा. मी तिचा हातसुद्धा धरला नाही, मुद्दामच. तिला नसेल सांगायचं तर नसेल सांगायचं; ताट तिचं वेगळं झालं होतं, माझं नाही.

"प्रज्ञा," ती म्हणाली आणि थांबली. मग पोरीनं मान वर केली. "प्रज्ञा देवराव रामटेके."

"आणखी मोठ्यानं, बाळ. पलीकडच्या काठाला कळू दे."

"प्रज्ञा देवराव रामटेके! जय भीम!"

आवाज पाण्यावरून गेला. दोनचार माणसं वळून बघायला लागली. मी रडत होते आणि हसतही होते, आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती. माझी लेक! मिस पर्लनी तिला मिठीच मारली. नंतर मीही पदरानं डोळे पुसून माझं पूर्ण नाव सांगितलं.

परतीच्या गाडीत मंदार पलीकडच्या सीटवर कानात हेडफोन घालून बसला. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. "आई, तो आता बोलेल ना?" प्रज्ञानं हळूच विचारलं.

"नाही बोलला तर?"

तिनं थोडा विचार केला. "तर नाही बोलला," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. किती दिवसांनी अशी गाढ झोपली असेल! मी बाहेरचा अंधार बघत बसले. या देशात मी राजवाडे पाहिले, मोठे पूल पाहिले. गावी गेल्यावर लोक तेच विचारतील. मी मात्र आधी त्या धक्क्याचं सांगणार.

मेडनहेडला उतरलो. मंदारनं नुसती मान हलवली आणि चालायला लागला. ईशा त्याच्यामागं चार पावलं गेली, थांबली आणि वळली.

"रामटेके काकू! रविवारी जेवायला या, दोघीही."

"ओ! येतो की!" मी म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं.