हललेला फोटो

आमच्या शेजारच्या फोटोवाल्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना "मान वर, हलू नका" असं बजावलं. परदेशातल्या लेकीने त्यांचा स्वतःचा फोटो मागितला, तेव्हा टायमर लावून बसताच त्यांचीही मान ताठ झाली.

"बाबा, हा तर पासपोर्टचा फोटो! घरी असता तसे दिसा ना."

"घरी मला बघतंय कोण?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टायमर चालू असतानाच लेकीचा फोन आला. कॅमेरा विसरून, चष्मा सावरत ते अर्धवट उठले आणि तेवढ्यात फोटो निघाला.

"इतकं हरखून कुणाकडे बघताय?" तिने तो पाहून विचारलं.

"तुझा फोन वाजला होता गं."

फोटो हललाय, पण तिने तोच उशाशी ठेवलाय. इकडे ते अजून तसेच फोनकडे बघत असतात.