वर्षभर गप्प बसण्याचा सल्ला

मला फसवलं ते दीदींनी. विरोधकांनी नाही, नवऱ्यानं नाही; मला तयार करायचं काम पक्षानं ज्यांच्यावर सोपवलं होतं, त्यांनी.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला आणि दारोदार साड्या विकणारी मी पार्षद, म्हणजे नगरसेविका, म्हणून नगर निगमात निवडून आले. आमच्या बुढापारा वॉर्डातलं प्रत्येक स्वयंपाकघर मी आतून पाहिलेलं. कोणत्या नळाला पाणी नाही ते तोंडपाठ. दीदी तीनदा निवडून आलेल्या, शिवाय मूळच्या आमच्या अमरावतीकडच्या, म्हणून मला त्यांच्या हाती दिलं.

चौबे कॉलनीतल्या त्यांच्या व्हरांड्यात पहिला धडा मिळाला. "वर्षभर सभेत तोंड उघडू नको. नवी बाई बोलली का लोक हसतात. तुले जे विचारायचं ते कागदावर लिहून आण, मी पाहून देईन."

सांगितलेल्या भावात मी आयुष्यात एक साडी घेतलेली नाही. हा सल्ला मात्र घासाघीस न करता घेतला, वर त्यांच्या फिक्कट चहाची तारीफही केली.

मी कागद नेत गेले. तलावामागची गल्ली, फुटलेला पाइप, टँकर कोणाच्या दारी थांबतो. पुढच्या सभेत दीदी उभ्या राहायच्या आणि माझाच कागद वाचायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "शिकून राहिली ना तू? आवाज कसा लावतात ते पाह्य."

मी पाहिलं. बाकही वाजवलं.

वर्ष संपलं. निगमातलं पाण्याचं खातं, जल विभाग, कोणाला द्यायचा, यावर शंकर नगरात पक्षाची बैठक झाली. मला तोच हवा होता. वॉर्डात पाण्याशिवाय दुसरं काही कबूल केलं नव्हतं. पक्षाचे शहरातले पुढारी, ज्यांना सगळे भैया म्हणत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये तो सदन में कभी बोली ही नहीं." विभाग दीदींना गेला. पाण्याचा अभ्यास त्यांचा दांडगा, असं ठरलं. नळ कोरडेच राहिले आणि पुढच्या निवडणुकीत मी पडले.

त्यानंतर नव्या महिला पार्षदांचं प्रशिक्षण झालं. व्यासपीठावर दीदी आणि भैया, विषय 'सभागृहात निर्भीडपणे कसे बोलावे'. मागच्या रांगेत पार्षदांची नवरेमंडळी नेहमीप्रमाणे समोसे खात बसलेली. मला बोलावणं नव्हतं, तरी गेले आणि उभी राहिले.

"बस बाई, प्रश्न शेवटी," दीदी म्हणाल्या.

"काहून गप्प बसवलं मले वर्षभर? या नव्या निवडून आलेल्या पोट्ट्यांसमोर सांगा. अन् भैया, तुम्ही घड्याळ नका पाहू. ते कागद कोणाचे होते, एकदा तरी विचारलं काय तुम्ही?"

दीदींनी पाणी मागवलं. भैयांना फोन आला.

दोघांचंही उत्तर मला अजून हवं आहे, आणि लेखी हवं आहे.