मातीखालचा मधू

माझा दोस्त मधू गेल्याचा फोन शालिनीवहिनींनी स्वतः केला. "भावोजी, हे पहाटे गेले… झोपेतच," एवढंच बोलल्या. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता त्याला सांगायचं राहूनच गेलं. लिहायला लाज वाटते, पण दुःख त्यानंतर आलं.

ऐंशीच्या दशकात, संपानंतर मधूची गिरणी सुटली ती कायमचीच. मरोळच्या खोलीत दोन लहान मुली आणि हा सहा फुटी हडकुळा माणूस दिवसभर छताकडे बघत पडलेला. मी सिनेमाच्या सेटिंगवर कामाला होतो. भुताखेतांच्या स्वस्त सिनेमांची तेव्हा चलती होती, आणि भूत म्हणून असाच उंच सांगाडा हवा असायचा. मी मधूला घेऊन गेलो. तोंडावर रबराचा मुखवटा, त्यावर डिंक, कापूस, लाल रंग… सख्ख्या आईनेही ओळखलं नसतं. गंमत म्हणजे हे पडद्यावरचं भूत खऱ्या भुतांना जाम टरकायचं. मालवणकडचा ना! आरे कॉलनीत शूटिंग असलं, की आधी झाडाखाली नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा, "म्हाराजा, पोटासाठी सोंग घेतलंय, खरां समजू नको!" आणि दिग्दर्शकासकट सगळं युनिट ओरडायचं, "व्हय म्हाराजा!"

त्या दिवशीही गाऱ्हाणं झालं. थडगं फोडून भुताचा हात बाहेर येतो, असा शॉट होता. भर दुपारी भिंगावर निळी काच लावून रात्र करायची. मधूला खड्ड्यात झोपवला, वर हातापुरती फट सोडून फळ्या, फळ्यांवर माती. श्वासासाठी तोंडाशी रबरी नळी, तिचं दुसरं टोक माझ्या पायाशी. काही बिनसलं तर हात जोरात हलव, असं मीच त्याला बजावलं होतं. हात हलवणं हाच तर शॉट होता, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही! कॅमेरामन ओरडला, नळी दिसतेय. मी पायाने पाला सारला, नळी जराशी वाकवून दाबली आणि मोठ्याने विचारलं, "आता दिसतेय का?" "नाही" आलं. कॅमेरा सुरू झाला.

मातीतून हात वर आला. बोटं ताणली, वळली, हवेत काहीतरी शोधू लागली. "वा मधू, और!" दिग्दर्शक पुटपुटला. 'कट' ऐकल्याशिवाय फ्रेममध्ये पाय टाकायचा नाही, हा आमचा धर्म. हात थडाथड मातीवर आपटत होता आणि मी मनात म्हणत होतो, झकास करतोय रे… तेवढ्यात मागून किंकाळी आली. डबा घेऊन आलेल्या शालिनीवहिनी तीरासारख्या धावल्या, "अहो, जीव चाललाय त्यांचा!" म्हणत दोन्ही हातांनी माती उपसू लागल्या. आम्हाला भूत दिसत होतं, त्यांना नवरा. मग आम्ही फळ्या ओढल्या. मुखवटा टराटरा फाडला तेव्हा आतला चेहरा निळा पडला होता. बऱ्याच वेळाने मधूने श्वास घेतला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ओके झाला ना रे?"

वहिनी येईपर्यंतचा तो शॉट सिनेमात ठेवला. अंधेरीच्या थिएटरात आम्ही शेजारी बसून पाहिला. हात वर आला तशी पब्लिक किंचाळली. नळी मी दाबली होती, हे तेव्हा सांगायचं होतं. मधू माझ्याकडे वळला, आणि मी पडद्याकडे बघत राहिलो.

तेरावा उरकल्यावर रविवारी नेहमीसारखा मरोळला गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "ठाऊक होतं त्यांना. 'आता दिसतेय का' असं तुम्ही विचारलंत आणि वारा बंद झाला. त्याच दिवशी बोलले मला."

"मग मला कधी…"

"मी म्हटलं होतं, जाब विचारा. तर म्हणाले, त्याने मुद्दाम केलंय होय? विचारलं तर तो यायचा बंद होईल. मग रविवारी मी जेवू कोणाबरोबर?"

मला रडू आवरेना. वहिनींनी सवयीने दोन ताटं घेतली आणि दोन्ही मांडली. मधू टेकून बसायचा तिथे भिंतीवर त्याच्या डोक्याचा तेलकट डाग आहे. मी त्याच्यासमोर बसलो आणि जेवलो.