भावकीच्या ग्रुपवर अक्काचा रिपोर्ट

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिच्या छातीत गाठ झाली होती आणि घरात ते फक्त मला ठाऊक होतं. न्हाणीत मी तिची पाठ चोळत होते तेव्हा तिनं माझा हात धरून गाठीवर ठेवला. म्हणाली, "कुणापाशी बोलू नको."

पोट दुखतं म्हणून सांगून आम्ही दोघी नायगावहून नांदेडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढून हळू आवाजात सगळं विचारलं. सुई घालून तपासणी केली. "वाईट निघाली तरी घाबरू नका, लवकर काढली तर बाई वाचते," म्हणाल्या.

बाहेर नाव लिहून घेणाऱ्या पोरीनं फोन नंबर मागितला. आमच्या घरच्या बायका रेशनला, बँकेत, दवाखान्यात धाकट्या दिरांचाच नंबर सांगतात. अक्कानंही तोच सांगितला. रिपोर्ट त्याच नंबरावर जाईल, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

रिपोर्ट इंग्रजीत आला. दीर घाबरले आणि त्यांनी तो भावकीच्या ग्रुपवर टाकला. "वैनीचा रिपोर्ट हाय, कुणीतरी वाचून सांगा." पुण्यातल्या एका पुतण्यानं वाचून सगळं मराठीत लिहिलं. कॅन्सर, आणि कुठं, तेही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात भाकरी घेऊन निघालो होतो. पारावर मामंजी बसले होते म्हणून दोघींनी पदर पुढं ओढला. तेवढ्यात शेजारचा म्हातारा त्यांना मोठ्यानं म्हणाला, "काय हो, थोरल्या सुनेची छाती कापायची म्हणं? डावी का उजवी?"

मामंजींनी मान खाली घातली. अक्का टोपलं घेऊन तशीच घराकडं माघारी फिरली.

घरी दीर रडकुंडीला आले. "वैनी, तुमच्या भल्यासाठीच टाकलं हो मी. उद्याच गाडी सांगतो, चला."

"कापून आले की सारा गाव माझ्या पदराकडं बघंल," अक्का म्हणाली. "मी न्हाई जात."

तिचा नवरा ओरडला, मी पाया पडले. ती उठलीच नाही.

दिवाळीनंतर गाठ फुटली, तेव्हा उचलूनच न्यावं लागलं. "इतके दिवस कुठं होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आता काढून उपयोग नाही, असं त्या म्हणाल्या.

रोज सकाळी मी तिची जखम धुते. कोमट पाणी, कापूस, मलम घेऊन बसते. दुखलं तरी ती हूं की चूं करत नाही, फक्त आधी विचारते, "खिडकी लावलीस का?"

"लावली, अक्का."

मग ती पदर काढते आणि तोंड भिंतीकडं फिरवते.