थोरल्या जाऊबाईंचा बर्फ

आमच्या थोरल्या जाऊबाई भर वैशाखात अंगणात उभ्या राहायच्या, आभाळाकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "आता तिकडे बर्फ वितळून राह्यला असन वं. नदीले पूर आला असन, पावसाचा एक थेंब नसतानी." वडनेर भोलजीला त्या दिवसांत अशी धग असायची की कोंबड्या रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून बसायच्या. आम्ही पदरानं वारा घेत असायचो आणि या बाईच्या डोळ्यांपुढे पूर आलेली नदी. शेजारणी हातातलं निवडणं सोडून विचारायच्या, "पाऊस नाई तं पूर कसा काय येते वो, द्वारकाबाई?" झालं. पुढचा तासभर त्या अंगणात माझ्याकडे कोणी पाहत नसे.

तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझे थोरले दीर त्याआधी काश्मीरकडे रस्त्याच्या सरकारी कामावर ट्रक चालवत. लग्नानंतर त्यांनी द्वारकाबाईंना तिकडे नेलं होतं. बारामुल्ला नावाच्या गावी एका भाजीवाल्या म्हाताऱ्याच्या घरात खोली घेऊन त्यांनी तीन हिवाळे काढले. पुढे दिरांच्या छातीनं दगा दिला, नोकरी सुटली आणि दोघं घरी परत आले. येताना द्वारकाबाईंनी चहा उकळायचा एक पितळी समोवार, एक मळकट लोकरीचा झगा आणि तो बर्फ आणला. समोवार आणि झगा चार दिवसांत जुने झाले. बर्फ मात्र बारा वर्षं पुरला.

माझं दुखणं काय ते आधीच सांगून टाकते. मी सातवी पास होते. व्हर्नाक्युलर फायनल. आमच्या माळ्याच्या घरात माझ्याआधी कोणत्याही सुनेला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. दुपारच्या मोटारीनं नांदुऱ्याहून पेपर यायचा, तो मी संध्याकाळी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाचून दाखवायची. ओसरीवर चार माणसं ऐकायला बसायची. आत्याबाई सासू असूनही त्या वेळी मला भाकरी थापायला बोलवत नसत. गावात कोणाला काही अडलं की "तायड्याच्या कमलले इचारा" असं म्हणत. जगात काय चाललंय ते आमच्या घरात माझ्या तोंडून कळत असे. आणि मग ही अंगठा उठवणारी बाई आली. तिनं एक ओळ न वाचता सारं गाव आपल्याभोवती गोळा केलं.

बरं, तिला खोटं पाडावं म्हटलं तर तेही जमेना. एकदा त्या म्हणाल्या, "बर्फाच्या फुलाले सा पाकळ्या राह्यते. पाच नाई, सात नाई. म्या काळ्या झग्यावर धरून मोजल्या. एकासारखं दुसरं नाई, पर पाकळ्या साच." मी मनात म्हटलं, आता सापडली. शाळेतल्या गुरुजींकडून भूगोलाचं जाडं पुस्तक मागवलं आणि पान उलटून उलटून पाहिलं. सहाच होत्या. चित्रासकट. मी पुस्तक परत पाठवलं आणि घरात कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "पाऊस पडते तवा आवाज येते, बर्फ पडते तवा आवाज मरते. रस्त्यानं घोडा गेला तरी टाप ऐकू येत नाई. सकाळी उठलं अन् कान बहिरे झाल्यासारखे वाटले का समजायचं, बाहेर बर्फ हाय." तिसऱ्यांदा तळ्याचं सांगितलं. तळं वरून गोठतं, इतकं की त्यावरून माणसं चालतात, आणि खाली पाण्यात मासे जिवंत फिरतात. "वरचा बर्फच खालच्या पाण्याले पांघरून होते," त्या म्हणाल्या. मी फणकाऱ्यानं विचारलं, "बर्फाचं पांघरून? मंग तुम्ही गोधड्या कायले नेल्या व्हत्या?" बायका हसल्या. त्याही हसल्या, अगदी मनापासून, आणि मग म्हणाल्या, "गोधडीत ऊब कुठून येते, कमल? कापसात विस्तव थोडाच राह्यते. मधात हवा अडकते, तिची ऊब. बर्फही तसाच पिंजलेला राह्यते. आमचा घरमालक बुढा गाजरं अन् सलगम खड्ड्यात पुरे, वरून बर्फ पडू दे. फागुनात काढले का आज उपटल्यासारखे ताजे." कापूस पिंजणाऱ्या आमच्या मुलखातल्या बायकांना ते पटकन पटलं. मला तर त्याहून आधी पटलं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

दिसायला त्या काही खास नव्हत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पुढचा एक दात किंचित तिरपा. बोलताना उजव्या हाताची बोटं चिमटीत धरायच्या, जणू काहीतरी नाजूक उचलताहेत. कामाला वाघ. माझ्या दोन पेंढ्या होईपर्यंत त्यांच्या पाच व्हायच्या. पाचही बांधून झाल्या की माझी तिसरी हातात घ्यायच्या, आणि तेही मला आवडायचं नाही. माझी शालू तर त्यांच्या पदरालाच बांधलेली होती. "मोठी माय, बर्फ खाल्ला तं तहान जाते का?" "नाई वं बाई. आंगातली ऊब जाते अन् तहान तशीच राह्यते. बर्फ आधी वितळवावा, मंग प्यावा." माझी पोरगी मला तहानेबद्दल कधी विचारत नसे.

कळस झाला तो शाळेत. गुरुजींनी चौथीच्या वर्गात थंड प्रदेशाचा धडा काढला आणि द्वारकाबाईंना बोलावणं पाठवलं. त्यांना खुर्ची दिली. अंगठा उठवणाऱ्या बाईला वर्गात खुर्ची! मी निमित्त काढून डबा द्यायला गेले आणि खिडकीशी उभी राहिले. काश्मिरी लोक झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून चालतात हे त्या करून दाखवत होत्या. लोटा पोटाशी धरून, वर पदर घेऊन, पावलं जपून टाकत. मग म्हणाल्या, "पोरंहो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या दिवशी बर्फ पडते त्या दिवशी थंडी कमी राह्यते. आभाळ मोकळं झालं, वारा पडला, चांदण्या टिपटिप दिसू लागल्या का मंग भ्या. खरी थंडी ती." गुरुजींनी फळ्यावर ते लिहून घेतलं. मी सात यत्ता शिकले, माझं एक वाक्य कधी फळ्यावर गेलं नव्हतं. घरी येऊन मी इतकी भांडी आपटली की आत्याबाईंनी विचारलं, "काऊन वं, कोण मेलं?"

त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट आहे. मळ्यात भेदरं, म्हणजे टोमॅटो, फुलाफळाला आली होती. विहिरीच्या खाली एकरभर सलग पीक. आठवड्याभरात पहिला तोडा शेगावच्या बाजाराला जाणार होता. त्या वर्षी घरात दुसरं काही धड पिकलं नव्हतं, सगळ्यांची भिस्त त्या एकरावर होती. शनिवारचा दिवस. दुपारी पेपर आला. मी एकटीनंच चाळला आणि कोनाड्यात ठेवून नदीवर धुणं घेऊन गेले. आतल्या पानावर शेतकऱ्यांना सूचना होती. थंडीची लाट येत आहे, भाजीपाल्याला सायंकाळपूर्वी विहिरीचे पाणी द्यावे, बांधावर धूर करावा. मी ती नीट वाचली होती.

धुणं घेऊन मळ्याच्या वाटेनं परतले तर तिथे द्वारकाबाई मामाजींसमोर उभ्या. ऊन उतरायला लागलेलं, वाऱ्याची झुळूक नाही, आभाळात ढगाचा ठिपका नाही. त्या म्हणत होत्या, "मामाजी, आज लक्षणं बरी नाई. बैल जुंपा, मोट चालू करा. विहिरीचं पाणी कोमट राह्यते, ते वावरात भरलं तं मातीत रातभर ऊब धरते. आमचा तिकडचा भाजीवाला बुढा असंच करे." मामाजी कंटाळले होते. बैल सकाळपासून राबून नुकतेच सोडले होते. ते म्हणाले, "थंडीत पाणी देते का कोणी? झाडं गारठून मरतीन." त्यावर द्वारकाबाई माझ्याकडे वळल्या. "कमलले इचारा ना. पेपरात देलं असन. तिनं वाचला असन."

मामाजींनी विचारलं, "काय वं सूनबाई? देलं हाय काई?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. कितीतरी महिन्यांनी सगळे माझ्याकडे पाहत होते. हो म्हटलं असतं तर द्वारकाबाई खऱ्या ठरल्या असत्या. छापून आलेल्या खऱ्या. मी डोक्यावरचं धुणं खाली ठेवलं आणि म्हणाले, "नाई मामाजी. असं काईच नाई देलं. पाण्यानं मुळ्या गारठतात, मले तं एवढंच माईत हाये."

द्वारकाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, जरा वेळ लावून पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि घागर उचलली. दिवस बुडेपर्यंत एकटीनं विहिरीतून पाणी शेंदून त्यांनी विहिरीलगतचे चार वाफे भिजवले. कोणी त्यांना अडवलं नाही, कोणी हातही लावला नाही. मी घरी जाऊन चूल पेटवली.

सकाळी मामाजींच्या हाका ऐकून आम्ही धावत मळ्यात गेलो. पानापानांवर पांढरा खरखरीत थर बसला होता. बोट लावलं की बोटाला चटका बसायचा आणि मग पाणी व्हायचं. बर्फ म्हणतात तो मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो हा. खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला की हा मीही पाहिला. मग ऊन वर आलं. थर वितळला आणि त्याखालचं सारं पीक उकडल्यासारखं काळं पडत गेलं. एकरभर. विहिरीपाशी चार वाफे तेवढे हिरवे उभे होते. मामाजी बांधावर बसले आणि डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आत्याबाई द्वारकाबाईंना म्हणाल्या, "पोरी, तुह्यं ऐकाले पाह्यजे होतं." त्यावर द्वारकाबाई एवढंच म्हणाल्या, "मलेच नीट समजावून सांगता आलं नाई." आणि करपलेली झाडं उपटायला वाकल्या.

त्या दिवसापासून माझा हेवा जायला हवा होता. तो वाढला. हरलेली मी होते, खोटी मी होते आणि चांगुलपणाही त्यांच्याच वाट्याला गेला होता. एक चांगुलपणा तरी त्यांनी माझ्यासाठी सोडायचा! पुढची तीन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. तोंडावर आलेली कबुली दर वेळी गिळली, कारण ती दिली असती तर त्या मला माफ करणार हे मला ठाऊक होतं.

मग दिरांना बीबी गावाकडे सासुरवाडीची जमीन कसायला मिळाली आणि दोघांनी बिऱ्हाड हलवलं. मोटारीपर्यंत पोचवायला मी आणि शालू गेलो. शालू तेव्हा सातवीत, रडून रडून डोळे लाल. ट्रंक टपावर चढली. दीर पुढे जाऊन बसले. आता नाही तर कधीच नाही असं मला वाटलं. मी म्हणाले, "बाई, त्या साली पेपरात पाण्याचं देलं व्हतं. म्या खोटं बोलली."

"माईत हाये," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कसं माईत?"

"तू धुणं धुवाले गेली तवा शालूनं मले तोच पेपर वाचून दाखोला व्हता. म्हणून तं मी म्हटलं, कमलले इचारा. म्हटलं, तिच्या तोंडून आलं का मामाजी ऐकतीन. अन् तिलेही बरं वाटन."

मी म्हणाले, "मंग तवा बोलल्या काऊन नाई? चारचौघांत खोटं पाडाचं व्हतं मले."

"लय मनात आलं. राग तं असा आला व्हता का चार दिवस तुह्या हातची भाकर खाल्ली नाई म्या, उपास हाये म्हणून सांगे. तुले समजलंही नाई." तिरपा दात दाखवून त्या हसल्या. "पर तुह्यापाशी त्या पेपराबिगर काय व्हतं, सांग? तो मान गेला असता तं तू या घरात कशी राह्यली असती? माह्यापाशी तं बर्फ व्हता."

कंडक्टरनं घंटी मारली. त्या चढल्या, खिडकीतून शालूच्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. त्यानंतर दोनदा भेटलो, दोन्ही वेळा लग्नाच्या गर्दीत. तिसऱ्या वेळी त्या गेल्याची चिठ्ठी आली.

त्या दिवशी मोटार गेल्यावर मी घरी आले. संध्याकाळ झाली, मामाजी ओसरीवर येऊन बसले आणि नेहमीसारखा पेपर माझ्यापुढे सरकवला. मी तो हातात घेतला नाही. त्या शनिवारचं सगळं त्यांना सांगितलं. कोनाड्यातला पेपर, नदीवरचं धुणं, शालूनं वाचलेलं, सगळं. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मामाजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि ते उठून आत गेले. जेवण मात्र रोजच्यासारखं जेवले.

दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा त्यांनी शालूला हाक मारली, तिला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आजपासून तू वाच, बाई." मी चुलीपाशी बसून ऐकत होते. पोरगी स्वच्छ, ठणठणीत वाचत होती आणि ओसरीवरची चार माणसं माना डोलवत होती. खोटं कशाला बोलू, मला पोटच्या पोरीचाही हेवा वाटला.