बंबात गेलेली नक्षी

माझं इंग्रजी रोह्याच्या शाळेतलं. गाईवर दहा ओळी आणि आजारपणाच्या रजेचा अर्ज, एवढीच त्याची मजल. पण मॅट्रिक होऊन, लग्न होऊन पेणला आले तेव्हा आमच्या रामवाडीत बातमी काय पसरली, तर गणपतीच्या कारखान्यात इंग्रजी येणारी सून आली! मी आपली पदर सावरत गप्प. नवी नवरी, नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

ही संधी सोडतील तर ते आबा कसले. आबा म्हणजे माझे सासरे. शाडूच्या मूर्ती करायचे. पितांबराचा काठ काढावा तर त्यांनीच, हे शेजारच्या हमरापूरचे मूर्तिकारही कबूल करायचे, आणि पेणच्या माणसाबद्दल चांगलं बोलायला हमरापूरच्या माणसाला किती जड जातं ते आम्हाला विचारा! हा काठ ते कागदातून कापायचे. जाड कागदात ब्लेडने कोयऱ्या, वेली, मोर कापून काढायचे, तो कागद मूर्तीच्या पितांबरावर धरायचा आणि वरून रंगाचा बोळा टिपायचा. कागद उचलला की खाली नक्षी. पण आपल्याकडचा पुठ्ठा मेला दोन मूर्तींत रंग पिऊन फुगायचा. आबांना हवा होता गुळगुळीत, रंग न पिणारा कागद. तसा त्यांनी एका वकिलांच्या घरी भिंतीवर पाहिला होता. रशियाचं कॅलेंडर होतं ते.

"फुकट पाठवतात म्हणं," आबा मला म्हणाले. "नुसतं पत्र टाकायचं. लिव गो."

लिहिलं. आपल्या थोर देशाच्या प्रगतीने आमचं कुटुंब भारावून गेलं आहे, तरी कृपया कॅलेंडर आणि मासिकं पाठवावीत. साचा रजेच्या अर्जाचाच होता, ताप काढून तिथे प्रगती घातली. खाली आबांची मराठीत सही. महिन्याभरात पोस्टमन जाडजूड पाकीट घेऊन दारात. आबांनी कागद बोटांत धरला, वाकवला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "ह्याला म्हनतात कागद!" मग काय विचारता. अमेरिका, जर्मनी, जपान, जिची जिची वकिलात सापडली त्या त्या देशामुळे आमचं कुटुंब भारावून जायला लागलं. एकदा तर माझ्या हातून पाकिटं बदलली. रशियाची स्तुती अमेरिकेला गेली, अमेरिकेची रशियाला. दोघांनीही निमूट कॅलेंडरं धाडली. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

काय दिवस होते ते! दुपारची जेवणं झाली की कारखान्यात ओल्या शाडूचा गार वास असायचा. आमचे हे मातीकामाला, मी डोळ्यांच्या आखणीला, आणि आबा खिडकीपाशी मांडीवर कोणता तरी परका देश घेऊन बसलेले. बर्फातली घरं, ट्रॅक्टर चालवणाऱ्या गोऱ्या बायका, धरणं, यंत्रं. एकदा एका मासिकात कुठलासा सेनापती होता, छातीभर पदकं लावून सलामी घेणारा. आबांनी त्याला आडवा-उभा न्याहाळला. "ह्याच्या छातीवर जागा चांगली हाय," म्हणाले, आणि पदकांच्या जागी चार कोयऱ्या कापून मोकळे झाले. त्या वर्षी पेणहून किती गणपती त्या सेनापतीच्या कोयऱ्या नेसून गेले, देवच जाणे. मला आजही तो खिडकीचा उजेड आठवला की बरं वाटतं. तसं सुख मला पुढे लाभलं नाही, खोटं कशाला बोलू.

आता गंमत बघा. परक्यांच्या कारस्थानांची सगळ्यांत जास्त धास्ती घेतलेला माणूस आमच्या गल्लीत कोण असेल, तर तेही आबाच. एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पेपरात रोज तेच, परके देश आपल्याकडे ढवळाढवळ करतायत, कुठे मंत्र्याला फितवतायत, कुठे सेनापतीला. आजूबाजूच्या देशांत लष्कराने सरकारं उलथल्याच्या बातम्या यायच्या. संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमली की आबा रंगात यायचे.

"दिल्लीतली अर्धी मानसं त्यांनी फोडलीत, मी सांगतो," ते म्हणायचे. "पलटणीतले मोठे सायबसुदा. एकदम काय नाय देत. पयलं बारीक काय तरी देतात. पेन, घड्याळ. मानूस मिंधा झाला का मंग हळूच नकाशे मागतात."

माणसं माना डोलवायची. आणि हे सांगताना त्यांच्या हातात ब्लेड, मांडीवर वॉशिंग्टन! शप्पथ सांगते, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माझे धाकटे दीर, भावजी म्हणायची मी त्यांना, मी लग्न होऊन आले तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांचे पाढे मी पाठ करून घेतले, इंग्रजीची बाराखडी मी गिरवून घेतली. पोरगा हुशार निघाला. कॉलेज करून त्याने सैन्यात अधिकारी व्हायचा अर्ज भरला. साधा शिपाई नव्हे, अधिकारी! पलटणीतला साहेब! लांब कुठेतरी जाऊन पाच-सहा दिवस मुलाखती, परीक्षा, डॉक्टरी, सगळं आटोपून भावजी परत आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "बघू, कागद येईल." आबांनी तेवढ्यावर एस.टी. स्टँडपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. आमच्या घरातला माणूस देशाचं लष्कर सांभाळणार, मग दिल्लीची काळजी नको, असा एकूण रागरंग.

श्रावणातल्या एका सकाळी पोलीस ठाण्यातले हवालदार आले. ओळखीचेच, दरवर्षी गणपती आमच्याकडून न्यायचे. चहा घेतला, आणि कप खाली ठेवताना म्हणाले, "आबा, पोराची चौकशी आलीया. तुमच्याकडं परदेशातून टपाल येतं काय? परवा अलिबागहून साहेब येणार हायत. इचारतील."

हवालदार गेले. आबा बसल्या जागी पांढरेफटक पडले. मला म्हणाले, "सूनबाय, पयलं बारीक काय तरी देतात गो." त्यांचंच वाक्य त्यांच्याच तोंडून असं ऐकलं आणि मी मनातल्या मनात पत्रं मोजायला लागले. बारा वर्षं, आणि एकूण एक पत्र माझ्या हातचं! थोर देश काय, भारावून काय! कुणी वाचलं तर काय म्हणेल? लष्करात साहेब होऊ घातलेल्या पोराच्या घरातून हे असलं लिहिणारी बाई कोण? मीच ना!

"समदं जाळायचं," आबा म्हणाले.

"आबा, नक्षी हाय ती तुमची," आमचे हे म्हणाले.

"पोरगा मोठा का नक्षी?"

मागच्या पडवीत पाणी तापवायचा बंब होता, त्यात जाळलं. न कापलेली कॅलेंडरं गेली, मासिकं गेली, आणि मग ट्रंकेतले कापलेले कागद. आबा एकेक उचलायचे, उजेडाकडे धरून एकदा बघायचे आणि मला द्यायचे. मी बंबात सारायची. भावजी भिंतीला टेकून उभे होते. तो कागद लवकर पेटत नसे. आधी वाकायचा, मग मोरांच्या भोकांतून ज्वाळ वर यायची. गणपती तीन आठवड्यांवर, अर्ध्याहून जास्त मूर्तींना काठ नाही, आणि आम्ही काठ जाळत बसलेले. आबा रडले नाहीत. मी रडले, आणि धुराचं निमित्त केलं.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. साध्या कपड्यात, चष्मा, हातात एक फाईल. मी चहा ठेवला तेव्हा फाईल उघडी होती आणि आत माझी पत्रं! म्हणजे नकला. एवढ्या वर्षांच्या! ते साहेब चक्क हसत होते. म्हणाले, "एकदा पाकिटं बदलली होती ना हो तुमची? आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलंय ते."

माझ्या अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांना म्हणे सगळं ठाऊक होतं, मूर्तींसाठी कागद वापरता हेही कुणीतरी सांगितलं होतं. "फक्त ते कापलेले कागद एकदा दाखवा," ते म्हणाले. "डोळ्यांनी पाहिलं, असं मला लिहावं लागतं."

आबाच म्हणाले, "जाळले."

साहेबांचं हसू गेलं. "कधी?"

"परवा."

"का?"

निर्दोषपणाचा एकच पुरावा घरात होता आणि तोच आम्ही स्वतःच्या हाताने बंबात घातला होता. मग मी बोलले. पदर, रीत, सगळं बाजूला ठेवून धडाधडा बोलले. पत्रं माझी, अक्कल माझी, म्हाताऱ्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. काठ काढलेल्या मूर्ती ओढून पुढे आणल्या. साहेब म्हणाले, "मग आत्ता एक कापून दाखवतील का?" मी फडताळातल्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला. आबांनी ब्लेड धरलं. ज्या माणसाने जन्मात कधी आधी पेन्सिलीने रेघ मारली नाही, त्याला त्या दिवशी एक कोयरी जमेना. ब्लेड सटकलं आणि अंगठ्यातून रक्त आलं. साहेब चटकन उठले. "राहू द्या, आजोबा, राहू द्या," म्हणाले. फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि गेले.

काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. गणपती झाले, दिवाळी झाली. एक दिवस भावजी पोस्टातून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "नाय घेतलं." कुणी कारण विचारलं नाही. कारण घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

भावजींना पुढे रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली. पेण-रोहा, रोहा-पेण, कधी पहिली शिफ्ट, कधी दुसरी. बत्तीस वर्षं काढली. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्याने मी अर्धी झाले. डबा भरताना रोज मनात यायचं, या हातात साहेबाची टोपी शोभली असती, मी तिथे डबा दिला. आबांनी पुन्हा कागद कापला नाही. कुंचल्याने साधी रेघ ओढायचे. गिऱ्हाईक विचारायचं, यंदा काठ साधाच? आबा ज्याला त्याला सांगत बसायचे, "माझ्या हौसेपायी पोराचं गेलं." परक्याचा हात आमच्या घरात शिरला तो आपणच बोलावून, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. रेडिओवर बातम्या लागल्या की उठून जायचे.

मागच्या वर्षीची गोष्ट. भावजींच्या मुलीचा मुलगा रेल्वेच्या परीक्षेत पास झाला आणि डोळ्यांत नापास झाला. चष्म्याचा नंबर नव्हे. त्याला लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही. डॉक्टरांनी विचारलं, आईच्या वडलांना असं आहे का? पोरीने येऊन बापाला विचारलं. बाप तसाच बाहेर पडला, आणि तडक माझ्याकडे आला.

खुर्चीवर बसून भावजींनी टोपी काढून तिची घडी केली. मग म्हणाले, "वैनी, मलाबी दिसत नाय. कधीच दिसत नव्हतं."

मी म्हटलं, "अहो, रंगाच्या कारखान्यात वाढलात तुम्ही!"

"डब्यांच्या जागा पाठ होत्या. खिडकीकडला हिरवा, दाराकडला लाल."

"मग?"

"मग काय. सैन्याच्या डॉक्टरनी तपासलं त्याच दिवशी सांगितलं. तिथंच नापास झालो. घरी येऊन सांगणार होतो. पण रंगाऱ्याच्या घरात कोणत्या तोंडानं सांगू? आज सांगतो, उद्या सांगतो, तेवढ्यात हवालदार आले. ती चौकशी आधी भरलेल्या फॉर्माची व्हती. तुम्ही सगळ्यांनी तेच कारण धरलात. मला बरं वाटलं, वैनी. माझ्यात खोट नाय, परक्या देशांनी घोळ केला, असं झालं."

म्हणजे बंबापाशी ते उभे होते तेव्हा त्यांना माहीत होतं. सगळं वाया चाललंय, कशासाठीच चाललेलं नाही, हे त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो भिंतीला टेकून बघत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पन्नास-पंचावन्न वर्षांत ज्यांना कधी अरे-तुरे केलं नाही, त्यांना मी म्हटलं, "अरे, तुझा बाप तुझ्यापुढे हात जोडून गेला!"

कारण तसंच झालं होतं. शेवटच्या दुखण्यात आबांना धड बोलवेना. मी चमच्याने पाणी घालत होते. भावजी दुसरी शिफ्ट टाकून आले, उशाशी बसले. आबांनी दोन्ही हात कसेबसे जुळवले आणि म्हणाले, "पोरा, माफ कर मला." भावजींनी ते हात धरून खाली ठेवले आणि म्हणाले, "केलं, आबा." माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. केवढं मोठं मन या पोराचं, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी ते सगळ्यांना सांगत फिरले होते.

"माफ केलंस तू त्यांना," मी म्हटलं. "तू. त्यांना."

भावजी म्हणाले, "व्हय."